ग्रंथपाल, वर्ग ‘ड’

खेड्यातला ग्रंथपाल हा शासनदरबारी मान्यताप्राप्त, गावात परिचित आणि स्वतःच्या घरात थोडासा संशयित असा इसम असतो. ग्रामपंचायतीने दिलेली एखादी खोली, समाजमंदिराची ओवरी किंवा देवळाशेजारचे दोन खण हे त्याचे ठिकाण. दारावर फलक असतो. त्यावर एखाद्या राष्ट्रपुरुषाचे नाही तर संस्थापक-अध्यक्षांच्या दिवंगत वडिलांचे नाव, त्याखाली ‘सार्वजनिक वाचनालय’, त्याखाली स्थापनेचे वर्ष, आणि रंगाऱ्याला जागा पुरली असल्यास कोपऱ्यात उघडण्याची वेळ. गाव त्याला ‘लायब्ररीवाले’ म्हणते. ‘तिथं बसून नक्की मिळतं काय?’ हा बायकोचा प्रश्न लग्नापासून अनुत्तरित असतो.

या इसमाची उत्पत्ती कायद्यातून झाली. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १ मे १९६८ पासून लागू झाला आणि वाचनालये गावच्या संस्थांनी चालवायची, शासनाने अनुदान द्यायचे, अशी रीत पडली. त्याआधी खेड्यात पुस्तके पोचतच नव्हती असे नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला, आणि पुढे त्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. पेटी यायची आणि परत जायची. महाराष्ट्राच्या व्यवस्थेत पेटीऐवजी कपाट आले. कपाट कुठे जात नाही, म्हणून त्याच्यापाशी एक माणूस बसवावा लागला.

वाचनालयांचे वर्ग चार: अ, ब, क आणि ड. खेड्याच्या वाट्याला बहुधा शेवटचे अक्षर येते. ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान बराच काळ ३० हजार रुपये होते. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ते ४८ हजारांवर गेले. यातली निम्मी रक्कम वेतनाची. हिशेब सोपा आहे: पूर्वी महिना साडेबाराशे, वाढीनंतर दोन हजार. वाढ भरघोस होती हे तो स्वतःही मान्य करतो, कारण टक्क्यांत बोलले की कोणतीही गोष्ट भरघोस वाटते. अनुदान हप्त्यांनी येते. हप्ता येईपर्यंत पेपरवाल्याची उधारी, विजेचे बिल आणि खडू-झाडूचा खर्च तो पदरमोड करून भागवतो आणि कीर्दीत ‘ग्रंथपालाकडून हातउसने’ असे लिहितो. संस्थेला कर्ज देणारा नोकर ही वस्तू अन्यत्र क्वचित पाहायला मिळते.

अर्थातच त्याला दुसरा धंदा असतो. कोणी डेअरीत दुधाचे फॅट लिहितो, कोणी विमा उतरवतो, कोणी पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. यात पिग्मीवाला सर्वांत सुखी, कारण त्याला रोज संध्याकाळी घरोघरी जावेच लागते. एका पिशवीत पावत्यांचे यंत्र, दुसरीत कादंबऱ्या. एकाच उंबऱ्यावर दहा रुपये मागायचे आणि पुस्तकही मागायचे. दहा रुपये लवकर मिळतात.

नेमणुकीची पद्धत साधी आहे. गावात बारावी झालेला, अक्षर बरे असलेला, तंबाखू न मागता स्वतःची बाळगणारा आणि निवडणुकीत कोणत्याच पॅनेलला फार उपयोगी नसलेला तरुण हेरला जातो. त्याला जिल्ह्याच्या गावी प्रमाणपत्र वर्गाला धाडतात. तिथे त्याची गाठ डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्याशी पडते. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले आणि त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. परीक्षेत पाचही नियम बरोबर लिहून तरुण गावी परततो आणि एकेका नियमाची गावाशी गाठ घालून देतो. वाचकाचा वेळ वाचवा, असे चौथा नियम सांगतो. इथले निम्मे वाचक वेळ घालवण्यासाठीच येतात आणि लवकर पुस्तक मिळाले तर नाराज होतात. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असे पाचवा म्हणतो. खोली मात्र वर्धिष्णू नसते. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हा तिसरा नियम सगळ्यांत जड जातो, कारण योजनेतून आलेल्या संचात सागरी मत्स्यशेतीवरचा जाडजूड ग्रंथ असतो आणि गाव माणदेशात असते.

वर्गीकरणाचेही तसेच. ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे. खेड्यातल्या वाचनालयात कपाटच्या कपाट या एकाच आकड्याखाली येते, तेव्हा त्याचा उपयोग कपाटाला नाव दिल्याइतकाच. चालते ती दुसरी पद्धत. तिचे विभाग असे: शिवाजी महाराज, जाड, रडकी, हसायची, देवाची, परीक्षेची, आणि ‘वरच्या फळीवरची’, म्हणजे जी वयात आलेल्या मुलांना दिसू नयेत म्हणून वर ठेवली आणि त्यामुळे सर्वांना ठाऊक झाली. ‘ते निळं, मागच्या खेपेला वहिनींनी नेलेलं, त्यात शेवटी तो मरतो’ एवढ्या माहितीवर हा माणूस पुस्तक काढून देतो. कुठल्याही संगणकाला हे अजून जमलेले नाही.

दिवसाचा पहिला प्रहर वर्तमानपत्रांचा. पेपर पहिल्या एस.टी.ने येतो. एस.टी. चुकली तर दुधाच्या टेम्पोतून येतो आणि त्या दिवशी त्याला किंचित वास असतो. ग्रंथपाल प्रथम पेपरची पाने सुटी करतो, म्हणजे एका पेपरात सहा वाचक मावतात. पहिले पान निवृत्त गुरुजींचे. बाजारभावाचे पान कांदेवाल्यांचे. क्रीडा पान पोरांचे. राशिभविष्य आधी मोठ्याने वाचले जाते, म्हणजे ज्यांचे वाईट आहे त्यांनी दिवसभर पैशाचे व्यवहार टाळावेत. निधनवार्ता सगळ्यांच्या सामाईक मालकीच्या. भिंतीवर सूचना असते की शब्दकोडे पेनाने सोडवू नये. ते रोज पेनाने सोडवलेले असते, आणि अक्षर गुरुजींचे असते. गुरुजींनीच ग्रंथपालाला मुळाक्षरे शिकवलेली असल्याने हे प्रकरण पुढे सरकत नाही.

दुपारी वाचनालय बंद असते, कारण ग्रंथपाल शेतावर किंवा डेअरीत असतो. खरी देवघेव संध्याकाळी. सहावीतली एक मुलगी कापडी पिशवी घेऊन उभी असते.

“आजीनं सांगितलंय, मागच्यासारखं रडकं नको.”

“शंकर पाटील झाले?”

“दोनदा.”

“मिरासदार?”

“ते पण झाले. हसून हसून आजीची कवळी पडली.”

ग्रंथपाल खाली वाकून माडगूळकरांचे एक पातळ पुस्तक काढतो, त्याचा सुटलेला पुठ्ठा मांडीवर दाबून बसवतो आणि विचारतो, “आजी स्वतः वाचते का?”

“मोतीबिंदू झालाय. मी वाचते, आजी ऐकते.”

“मग सही तुझी.”

ही नोंद महिला वाचकांत धरायची की बालवाचकांत, याचे उत्तर प्रमाणपत्र वर्गात मिळालेले नसते. तो ती एका महिन्यात इकडे आणि पुढच्या महिन्यात तिकडे लिहितो. वार्षिक अहवालात दोन्ही रकाने भरलेले दिसतात.

वाचकांचे इतर प्रकार फारसे गुंतागुंतीचे नाहीत. बाबुराव अर्नाळकरांवर वाढलेली एक वयस्क पिढी आहे. तिला नवे काही चालत नाही, आणि रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारा तिच्यातलाच एक असतो. ‘मृत्युंजय’ आणि ‘ययाति’ नेणाऱ्या नव्या सुना आहेत. त्यांच्या सासवा पोथी मागायला येतात आणि सुनेने काय नेले ते रजिस्टरात पाहून जातात. स्पर्धा परीक्षेची मुले मात्र पुस्तकासाठी येत नाहीत. त्यांना खुर्ची, पंखा आणि घरच्यांच्या नजरेपासून अंतर हवे असते. ती स्वतःची पुस्तके आणतात, रात्री अकरापर्यंत बसतात आणि वाचनालयाच्या मीटरचा आकडा वाढवतात. त्यांच्यातला एखादा पोलीस झाला की सत्कार वाचनालयात होतो आणि अध्यक्ष त्याचे श्रेय अध्यक्षांना देतात.

पुस्तक देणे हे काम अर्ध्या मिनिटाचे. परत मिळवणे ही या पेशातली खरी कला. नियमाप्रमाणे उशिराला दंड असतो. तो आजवर कोणी घेतलेला नाही, कारण दंड मागितला की माणूस सभासदत्व सोडतो, अनामत परत मागतो आणि पुस्तक मात्र ठेवून घेतो. म्हणून ग्रंथपाल पुस्तक मागतच नाही. तो पारावर सहज म्हणतो, “त्याचा दुसरा भाग आलाय.” पहिला भाग तिसऱ्या दिवशी हजर होतो. लग्न होऊन गेलेल्या मुलीबरोबर कादंबरी सासरी गेली तर पंचमीपर्यंत थांबायचे. मुलगी माहेरी येते तशी कादंबरीही येते, आणि कधी कधी सोबत सासूबाईंच्या मागणीची चिठ्ठी असते. सभासद वारला तर तेराव्यानंतर भेटायला जायचे, चहा घ्यायचा, माणूस किती चांगला होता ते बोलायचे आणि नजर कोनाड्यावरून फिरवायची. घरचे समजूतदार असतील तर स्वतःच पुस्तक आणून देतात. नसतील तर वर्षश्राद्धाला पुन्हा जावे लागते.

सातारा जिल्ह्यातल्या भिलार गावाला २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ करण्यात आले; तिथे घरोघरी पुस्तके मांडलेली आहेत. हे वाचून अनेक ग्रंथपालांना वाटले, आपल्याही गावात घरोघरी पुस्तके आहेतच. फक्त ती वाचनालयाची आहेत.

आता दप्तर. दाखल नोंदवही, देवघेव रजिस्टर, नियतकालिकांची नोंद, डेडस्टॉक रजिस्टर, कीर्द, खतावणी, पावतीपुस्तक, सभेचे इतिवृत्त आणि रोजच्या वाचकांच्या सह्यांची वही एवढा पसारा एकट्याने लिहायचा. वाचनालयातले सर्वांत मोठे लेखन हेच, आणि त्यातली सह्यांची वही ललित साहित्यात मोडते. गावकरी पेपर वाचतात, सही करत नाहीत; सही केली की कुठेतरी जामीन राहिलो, अशी समजूत असते. मग महिनाअखेरीस ग्रंथपाल तीन रंगांची पेने घेऊन बसतो. उजव्या हाताने ज्येष्ठ नागरिक, डाव्या हाताने विद्यार्थी. पेपर वाचणारे खरेच आलेले असतात, एवढे त्याच्या बाजूने सांगता येईल.

तपासणीचा दिवस दोन दिवस आधी कळतो. जाळी निघतात, कपाटात डांबरगोळ्या पडतात, वाळवी लागलेला खालचा कप्पा सतरंजीने झाकतात आणि गुरुजींना इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या पानासमोर बसवतात. साहेब वही चाळतात आणि एका तारखेवर बोट ठेवतात.

“या दिवशी तुमच्या ओढ्याला पूर होता. आमची जीप परत गेली. इथं वाचक पस्तीस?”

“ओढ्यापेक्षा ओढ मोठी, साहेब.”

साहेबांनीही नोकरी अशाच खोल्या पाहण्यात काढलेली असते. ते हसतात, शेऱ्यात ‘नोंदी दैनंदिन ठेवाव्यात’ असे लिहितात आणि निघताना एक दिवाळी अंक वाचायला नेतात. तो ‘तपासणीकामी’ या सदरात कायमचा जमा होतो.

२०१२ मध्ये मात्र गंमत राहिली नाही. त्या वर्षी राज्यातल्या वाचनालयांची पडताळणी महसूल खात्यामार्फत झाली आणि सातबारा वाचणाऱ्या नजरांनी दाखल नोंदवही वाचली. काही ठिकाणी फलक होता पण खोली नव्हती, काही ठिकाणी खोली होती पण तिच्यात अध्यक्षांची खतांची पोती होती. ज्यांच्याकडे खोली, पुस्तके आणि माणूस तिन्ही होते, त्यांनाही त्या दिवसांत चोरासारखे उभे राहावे लागले. पेनाचे तीन रंग वापरणारा आणि वाचनालयच न काढणारा यांत जो फरक आहे, तो तपासणीच्या नमुन्यात मांडायला रकाना नसतो.

बाकीचे वर्ष ठरलेले. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन: शाळेची मुले रांगेने येऊन पुस्तक उघडतात, फोटो निघतो, मुले पुस्तक मिटतात, दोन-चार मिटत नाहीत, आणि ग्रंथपाल त्यांची नावे लक्षात ठेवतो. मग दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेले हे प्रकरण खेड्यात शिमग्यापर्यंत पुरते. वेगळी वर्गणी घेऊन अंक फिरवले जातात. भविष्याचे पान सर्वांत आधी फाटते, पाककृतींचे त्यानंतर. कविता शेवटपर्यंत करकरीत राहतात. मार्चमध्ये खर्च मिळवायचा म्हणून पुस्तकखरेदी होते. यादी ग्रंथपाल करतो, तीत शेवटी अध्यक्षांच्या व्याह्यांचा काव्यसंग्रह पाच प्रतींत घातला जातो, आणि सभा तिला एकमताने मंजुरी देते. कोरम नसल्याने सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा घेतलेली असते.

या पदाला निवृत्तिवेतन नाही, त्यामुळे ग्रंथपाल निवृत्त होत नाही. तो पुस्तकांचे क्रमांक दिसेनासे झाले की थांबतो. त्याच्या जागी बहुधा त्याची सून येते. ती पदवीधर असते, मोबाईलवर वाचकांचा गट काढते आणि पहिल्याच महिन्यात सह्या खऱ्या माणसांकडून घेऊ लागते, ज्यामुळे वाचकसंख्या कागदोपत्री घसरते. कार्यभार सोपवताना किल्ल्या, शिक्का, पावतीपुस्तक आणि येणे पुस्तकांची यादी दिली जाते. यादीत पहिले नाव माजी सरपंचांचे, दुसरे अध्यक्षांचे, तिसरे तिच्याच सासूबाईंचे. ‘तिथं बसून मिळतं काय’ विचारणाऱ्या या बाईंकडे सतरा पुस्तके निघतात. सूनबाई पहिली मागणी-चिठ्ठी घरच्याच पत्त्यावर काढते.