वाऱ्याविरुद्ध फिर्याद

पुण्याच्या नाना पेठेत, जिथे दुचाक्यांच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांस खेटून उभी आहेत, तिथे मोटारसायकलीच्या हँडलापुढे बसवावयाची पारदर्शक काच दोन्ही हातांत धरून, ती कधी उंचावीत, कधी तिरपी करीत, भर उन्हात समाधी लागल्यागत उभा असलेला एखादा मध्यमवयीन गृहस्थ दृष्टीस पडला, तर त्यास गिऱ्हाईक समजण्याची चूक दुकानदाराने करू नये. कारण गिऱ्हाईक वस्तू घेऊन घरी जाते, आणि हा गृहस्थ वाऱ्याविरुद्ध गुदरलेल्या फिर्यादीत पुरावा गोळा करीत असतो.

या काचपारख्याची मूळ तक्रार खोटी नसते, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, हा सृष्टीचा कायदा असून त्यात कोणाच्याही वशिल्याने सूट मिळत नाही. आणि ताशी ८० किलोमीटरच्या पुढे हेल्मेटात घोंघावणारा वारा खुद्द बुलेटच्या लौकिकप्राप्त धडधडाटालाही गिळून टाकतो. सामान्य माणूस अशा वेळी कानांत बोळे घालतो किंवा वेग कमी करतो. काचपारखी या दोन्ही उपायांची संभावना ‘पळवाट’ या एकाच शब्दात करतो, आणि त्याच्या मुद्रेवरचा तो करारी भाव पाहता पुढे कोणी बोलत नाही.

प्रथम तो आखूड काच बसवितो. तिने छातीवरचा वारा अडतो खरा. परंतु अडविलेला वारा काही राजीनामा देऊन घरी बसत नाही. काचेची वरची कड ओलांडताना तो फुटतो, त्याचे भोवरे होतात, आणि ते भोवरे नेमके काचपारख्याच्या कपाळावर येऊन आदळू लागले म्हणजे त्याची मुंडी अशी गदगदा हलते, की दारोदार गुबुगुबू वाजले असता मान डोलावणाऱ्या नंदीबैलाप्रमाणे तो रस्त्यावरील प्रत्येक मालमोटारीस होकार देत चालल्याचा भास व्हावा. मग उंच काच येते. उंच काचेमागे दाब कमी होतो, ती पोकळी भरून काढण्यास वारा मागून धाव घेतो आणि स्वारास पुढे ढकलतो. त्यावर काचेखाली चार बोटे फट ठेवण्याची तजवीज होते, तिने थोडा आराम पडतो. पण पहिल्याच पावसात खंबाटकीच्या घाटात काचेवर थेंब साचून समोर दिसणाऱ्या प्रत्येक दिव्याचे सहस्र दिवे होतात, आणि दृष्टी काचेच्या वरून गेली पाहिजे, आरपार नव्हे, हा दंडक त्यास प्राणभयाने मान्य करावा लागतो.

मुंबईच्या द्रुतगती महामार्गावर दुचाकीस मज्जाव असल्यामुळे सर्व चौकशी सातारा रस्त्यावर चालते. सौभाग्यवतींनी स्वेटरसाठी आणलेल्या तांबड्या लोकरीचे वीतभर तुकडे काचेच्या कडेवर चिकटपट्टीने ओळीने लावलेले असतात: तुकडा सरळ मागे लोळला तर तिथे वारा सालस, गरगर फिरू लागला तर तिथे भोवरा. ही रीत अस्सल शास्त्रीय आहे, विमानांचे परीक्षक ती वापरतात. फक्त त्यांच्या विमानाकडे बोट दाखवून शाळेची पोरे ‘काका, राखी कुणी बांधली?’ असे विचारीत नाहीत. मध्येच काचपारखी डावा पंजा कडेवर धरून तो हळूहळू वर नेतो आणि स्वच्छ वारा कुठून सुरू होतो याची बोटांनी रुजवात घेतो. मागाहून येणारे त्यास वळणाचा इशारा समजून शिव्या घालतात. त्या शिव्या त्यास ऐकू येत नाहीत, ही तक्रारीतली त्यातल्या त्यात जमेची बाजू.

सारे आयुष्य सरकारी कचेरीत गेल्यामुळे निरीक्षणांचे दप्तर मात्र निर्दोष असते: दिनांक, वेग, काचेचा कोन, मानेची अवस्था, शेरा. माझा तर असा वहीम आहे, की या प्रकरणाचा निकाल लागावा अशी त्याची मनातून इच्छाच नसते. निकाल लागलेली फाईल कपाटात जाते, आणि कपाटात गेलेल्या फाईलीसाठी रविवारी पहाटे पाच वाजता कोणी घराबाहेर पडू देत नाही.

तरीही एकदा निकाल लागण्याचा प्रसंग आलाच. मध्यम उंचीची, कडेला किंचित बाहेर वळलेली काच त्यास सापडली. लोकर सरळ लोळली. हेल्मेटात शांतता झाली. शिरवळला चहासाठी थांबल्यावर त्याने विजयी मुद्रेने मागे वळून पाहिले.

“गेला की नाही वारा?”

“अहो, गेला कुठला! तुमच्या डोक्यावरून सगळा माझ्याच तोंडावर येतोय. कात्रजपासून मान धरलीय माझी.”

काचपारख्याने तत्काळ दप्तर उघडून ‘मागील आसन’ असा नवा रकाना आखला आणि त्रास नेमक्या कोणत्या वेगास सुरू झाला याची जबानी मागितली. सौभाग्यवतींनी उत्तर न देता स्वारगेटची एस. टी. पकडली. तो एस. टी.च्या मागोमाग निघाला. आणि बसगाडीमागच्या खवळलेल्या वाऱ्यात शिरताच सगळी लोकर चोहीकडे नाचू लागलेली पाहून, बसगाडीला ओलांडून पुढे जाण्याऐवजी, खेड शिवापूरपर्यंत तिच्या मागेच नोंदी घेत राहिला.