चोर वेळेवर अपडेट करतो

आपल्याकडे संस्थेची वेबसाइट होते ती उद्घाटनापुरती. अध्यक्षांचा भाचा ती करतो, आमदारसाहेब कळ दाबतात, फोटो निघतो. पुढे भाचा नोकरीसाठी पुण्याला जातो आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ ही पाटी मग वर्षानुवर्षे झळकत राहते. कोणी विचारलेच, तर उत्तर तयार असते : ‘चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?’

या तत्त्वज्ञानाची जागतिक परीक्षा 15 ऑक्टोबर 2014 रोजी झाली. ड्रूपल हे वेबसाइट चालवण्याचे मोफत सॉफ्टवेअर. डेटाबेसला कोणी भलत्याच आज्ञा देऊ नयेत, म्हणून त्याच्या सातव्या आवृत्तीत एक खास पहारा ठेवलेला होता. भोक निघाले नेमके त्या पहाऱ्यातच. दक्षता समितीतच घोटाळा सापडावा, तसे.

ड्रूपलवाल्यांनी दुरुस्ती फुकट दिली आणि तशी घोषणाही केली. पण घोषणा चोरही वाचतात. किंबहुना तेच मन लावून वाचतात. दोन आठवड्यांनी ड्रूपलच्या सुरक्षा पथकाने सांगून टाकले : घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपली साइट फुटली असेच धरून चालावे. भारतीय घड्याळाप्रमाणे हे सात तास रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. म्हणजे आपली मुदत जेवणे उरकता उरकता सुरू झाली आणि साखरझोपेत संपली. ‘पुढच्या बैठकीत विषय घेऊ’ म्हणणाऱ्यांचे काय झाले असेल, ते सांगायला नको.

त्याच निवेदनात आणखी एक मौलिक इशारा होता. तुम्ही हात न लावताच साइट दुरुस्त झालेली दिसली, तर हुरळून जाऊ नका. काही चोर आत शिरल्यावर स्वतःच भोक बुजवतात, दुसऱ्या चोराला वाव राहू नये म्हणून! कोटेशन नाही, वार्षिक करार नाही, बिल नाही, आणि काम मुदतीत. असा देखभाल ठेकेदार आपल्या संस्थांना दुसरा कुठे मिळणार? वार्षिक सभेत त्याच्या अभिनंदनाचा ठराव घ्यायला हरकत नाही.

हे फक्त गरीब संस्थांचेच दुखणे आहे, असेही नाही. पनामातली मोसॅक फोन्सेका ही वकिलांची फर्म जगभरच्या धनिकांची गुपिते सांभाळण्यासाठी प्रसिद्ध. एप्रिल 2016 मध्ये तिच्या 1 कोटी 15 लाख कागदपत्रांवरच्या बातम्या जगभर झळकल्या. मग जाणकारांनी तिच्या वेबसाइट तपासल्या. ग्राहकांचे पोर्टल ड्रूपल 7.23 वर, दुरुस्ती आली होती 7.32 मध्ये. मुख्य साइट वर्डप्रेसवर आणि तिथे चित्रे सरकवणारे एक जुनाट प्लगइन, ज्याचे भोक 2014 पासून जगजाहीर. कागद याच वाटेने गेले, हे सिद्ध झालेले नाही. फर्मने मेल सर्व्हर फुटल्याचे सांगितले. 2018 मध्ये फर्मच बंद पडली. अपडेटची कटकट कायमची मिटली.

तेव्हा सचिव महोदय, साइटचा पासवर्ड कोणाकडे आहे, ते आजच शोधा. बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा, न वापरलेली प्लगइन काढून टाका आणि मग अपडेट करा. ते आधीच झालेले असेल, तर कोणी केले, याची चौकशी करा. ‘कोणीतरी केलं असेल’ हे उत्तर मिळाले, तर ते अगदी खरे समजा.