फुलं पाहा, मुळं विकत घ्या

रोपांच्या विक्रीत सगळ्यात जास्त खपतं ते फुललेलं रोप, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घरी आणलेल्या रोपांतलं सगळ्यात आधी मरतंही तेच. मग दोष जातो घेणाऱ्याच्या हाताला. ‘माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत’ असं म्हणणारी माणसं भेटली की मला वाईट वाटतं. हाताचा काही संबंध नसतो. रोप विकत घेतलं तेव्हाच त्याचा हंगाम संपत आलेला असतो आणि ते कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीच्या अखेरीस भरतं, मुंबईत राणीच्या बागेतलं त्याच्याच आगेमागे. ही प्रदर्शनं मला मनापासून आवडतात. महिनोन्‌महिने निगा राखून फुलवलेली कुंडी स्पर्धेत मांडणाऱ्या माळ्याबद्दल आदरच वाटतो. माझं भांडण आहे ते त्यानंतर पाडव्यापर्यंत मंगल कार्यालयात, शाळेच्या मैदानावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये लागणाऱ्या विक्रीशी. तिथे पहिल्या रांगेत असतात पेटुनिया, पॅन्सी, डायन्थस, फ्लॉक्स. आपल्याकडे ही थंडीची रोपं. पावसाळा सरताना बी पेरायचं, डिसेंबर-जानेवारीत फुलं बघायची, आणि मार्चमध्ये पारा छत्तिशीच्या पुढे गेला की खेळ आटोपला. विक्रेत्याला हे पाठ असतं, म्हणूनच तो शिल्लक माल पुढे मांडतो. माल विकण्यात गैर काही नाही. गैर आहे ते पाटी न लावणं. ‘हंगाम संपत आला आहे, फुलं थोडेच दिवस’ एवढं लिहायला खडूचा तुकडा पुरतो.

वसंतात रोपं घ्यायची ही रीत मुळात थंड मुलखातली. इंग्लंडात मे महिना सरता सरता रात्री गोठण्याची भीती जाते, पुढे वाढीचे महिने असतात, म्हणून तिथला बागवाला वसंतात बाजार गाठतो. आपल्यापुढे वसंतानंतर एप्रिल आणि मे उभे असतात. आपल्याकडे झाड जोमाने वाढायला लागतं ते मृगाच्या पावसापासून. आईला, आजीला हे माहीत होतं. पावसाची एक सर पडली की त्या शेजारणीकडून फांदी मागून आणायच्या. आपण मात्र तिकडचे व्हिडिओ बघून तिकडच्या ऋतूत खरेदीला निघतो.

मग या दिवसांत काहीच घेऊ नये का? घ्यावं. मोगरा घ्यावा. हा त्याचाच हंगाम आहे. पण रांगेत उभे राहिलात की दोन रोपं दिसतील. एक उंच, काटकुळं, शेंड्यावर फुलं मिरवणारं. दुसरं बुटकं, एकही फूल नसलेलं, पण बुडापासून चार-पाच फांद्या फुटलेलं आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला पोपटी कोवळी फूट असलेलं. लोक पहिलं उचलतात. तुम्ही दुसरं घ्या. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, त्यामुळे येत्या उन्हाळ्यातली फुलं त्या बुटक्या रोपात आहेत. पहिल्याची आजच फुलून झाली. आता पिशवी उचलून खालची भोकं बघा. पांढरी, बारीक मुळं डोकावत असतील तर रोप खुशीत आहे. जाड, तपकिरी मुळांचा वेटोळा बाहेर आला असेल तर ते त्या पिशवीत फार काळ कोंडलेलं आहे. आणि नाव विचाराच: बटमोगरा, मदनबाण की हजारी? नाव ठामपणे सांगणारा विक्रेता जपून ठेवावा. अडेनियम आणि बोगनवेलही या दिवसांत निर्धास्त घ्या, दोघांनाही ऊन मानवतं.

खरा घोटाळा आहे मातीचा, आणि त्यावर कुणी बोलत नाही. शहरातल्या विक्रीत दिसणारं बरंचसं रोप आंध्रातल्या कडियमहून येतं. राजमहेंद्रीजवळ गोदावरीकाठी हजारो एकरांवर रोपवाटिका आहेत आणि तिथून देशभर ट्रक भरून माल जातो. आपल्या नाशिकला उगम पावलेल्या गोदावरीने तिकडे नेऊन पसरलेली चिकण गाळमाती त्या रोपांच्या मुळाशी असते. लांबच्या प्रवासात ती फुटत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तो गोळा तुम्ही घरी कोकोपीट आणि गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात तसाच बसवता तेव्हा काय होतं? तुम्ही रोज पाणी घालता, पाणी भुसभुशीत भागातून सरळ तळाला जातं, वरून कुंडी ओली दिसते आणि आतला गोळा वाळून विटेसारखा होतो. झाड भरल्या कुंडीत तहानेने मरतं. मेलेलं रोप उपटून बघा, गोळा जसाच्या तसा हातात येईल, एक मूळ बाहेर गेलेलं नसेल.

हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याला लोणी काळभोर, उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांची रांग आहे. तिथे काम करणाऱ्या बायका हे सगळं जाणतात. एकीला मी जास्वंदीचं रोप दाखवून विचारलं, ‘‘मावशी, हे इथलंच का?’’ तिने बोटाने पिशवीतली माती दाबली आणि सांगितलं, ‘‘न्हाई ताई, ह्यो बाहेरचा माल. घरी नेल्या नेल्या कुंडी बदलू नका. आठ-दहा दिस सावलीत ऱ्हाऊ द्या. मग बादलीत बुडवून कडंची माती सैल करा, मुळं तोडू नका. आन्‌ जमलं तर पावसातच बदला.’’ रोपासोबत एवढं मिळालं तर आणखी काय हवं? या बायकांशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारी गाडीवाली मंडळी बघितली की मला राग येतो. तीच मंडळी वातानुकूलित दुकानात काचेच्या भांड्यातलं तेच रोप तिप्पट-चौपट भावाने मुकाट घेतात आणि तिथे त्यांना ‘रोज थोडं पाणी घाला’ यापलीकडे कुणी काही सांगत नाही.

शेवंतीचंही सांगायला हवं. कुंडीत गच्च फुललेली, वीतभर उंचीची शेवंती म्हणजे बऱ्याचदा वाढ रोखणाऱ्या संजीवकाची करामत. कोकणातल्या आंबेवाल्यांना कल्टार माहीत आहे. त्यातलं पॅक्लोब्युट्राझॉल शोभेच्या कुंड्यांसाठीही वापरलं जातं. रोप बुटकं राहतं, कुंडी भरगच्च दिसते. शिवाय शेवंतीला कळ्या धरायला लांब रात्र लागते. मार्चनंतर रात्र आखडते आणि झाड नुसता पाला काढतं. लोकांना वाटतं बिघडलं, आणि ते कुंडी कचऱ्यात टाकतात. टाकू नका. फुलं संपली की बुडापाशी छाटा, मुळाशी येणारे धुमारे उन्हाळाभर सावलीत जगवा, पावसाळ्यात वेगळे करून लावा. दिवाळीच्या सुमारास तीच शेवंती पुन्हा कळ्या धरेल, उंच आणि ऐसपैस होऊन.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर ‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड’ ही पाटी आधी उतरवा. स्नेक प्लांट रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो हे खरं. ऑक्सिजन मात्र प्रकाशातच तयार होतो, रात्री नाही. ‘नासाने सिद्ध केलंय’ हे दुसरं पालुपद. नासाचा तो १९८९ चा अभ्यास लहान, हवाबंद पेट्यांमधला होता. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशोब मांडला तेव्हा निघालं ते असं: इमारतीत नेहमी खेळणाऱ्या हवेइतकी सफाई रोपांकडून हवी असेल तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत रोपं ठेवावी लागतील. म्हणजे दिवाणखान्यात बसायला जागा उरणार नाही. खिडकी उघडा. रोप घ्यायचं ते रोप आवडतं म्हणून घ्या, त्याला औषधाच्या बाटलीचं काम लावू नका.

रोप घेताना पानाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची, कारण रोपाबरोबर कीड प्रवास करते. पानं उलटी करून बघा. पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. पानामागे बारीक जाळं असेल तर कोळी. असलं रोप फुकटसुद्धा घेऊ नका. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोळ्ळाचीला नारळावर रुगोज चक्राकार पांढरी माशी भारतात पहिल्यांदा सापडली, आणि आज कोकणातल्या नारळाच्या झावळ्यांवर तिच्यामुळे आलेला काळ्या बुरशीचा थर दिसतो. रोपांची वाहतूक हा अशा किडींचा हमरस्ता आहे. नवं रोप दोन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवणं एवढी शिस्त प्रत्येक घराला जमण्यासारखी आहे. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून कायदा आहे, परवाना लागतो. हापूसचं कलम घेताना तो परवाना मागा, लाजू नका. कलमाचा जोड कुठे आहे तेही बघा. गुलाबातही तेच: जोडाखालून आलेली फूट जंगली खुंटाची असते, ती वाढू दिलीत तर वरचा गुलाब हटतो.

आणि या सगळ्या दिवसांत, विक्रीच्या मांडवाबाहेर, आपला वसंत चालू असतो. ताम्हिणीच्या वाटेवर काटेसावर लाल झालेली असते, पांगारा फुललेला असतो, विदर्भात पळसाने माळ पेटलेले असतात. मांडवात यातलं एक रोप नसतं. पळस कुंडीत मावत नाही हे कबूल. पण सोसायटीच्या कुंपणाशी, शाळेच्या आवारात, गावच्या परड्यात जागा असते आणि तिथे आपण परदेशी ताड आणून उभे करतो. काटेसावरीच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये फुटतात, पळसाच्या शेंगा उन्हाळा संपता संपता गळतात. ताजं बी पहिल्या पावसात टाकलं की रुजतं.

म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्यांकडे माझं एक स्पष्ट मागणं आहे. फुलांची स्पर्धा जानेवारीतच ठेवा, ती शोभते तिथे. रोपांची मोठी विक्री मात्र जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लावा. मांडवावर ताडपत्री घाला, चिखल होईल तो होऊ द्या. प्रत्येक रोपाला चिठ्ठी बांधा: नाव काय, कलम की बियाचं, कुठे वाढलं, माती कुठली. सोलापूर रस्त्यावरच्या त्या मावश्यांना तिथे मानधन देऊन बसवा आणि लोकांच्या प्रश्नांची उत्तरं त्यांना देऊ द्या. पहिल्या वर्षी गर्दी कमी होईल. आणलेली रोपं मात्र दिवाळीला जिवंत असतील, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या जूनला शेजाऱ्यांना घेऊन येईल.