ठसा सासूबाईंचा, रंग माझा

ज्यांना चित्र काढता येत नाही अशा माणसांसाठी कुणीतरी चित्रांचे रबरी स्टॅम्प करून ठेवले, हे फार बरं झालं. बदक, हत्ती, छत्री, केक, जे हवं ते पॅडवर टेकवायचं, कागदावर दाबायचं, की काळी बाह्यरेषा तयार. मग आत रंग भरायचे आणि शुभेच्छापत्र पाकिटात घालायचं. स्टॅम्पच्या पुड्यावर एवढंच छापलेलं असतं. रंग भरायला बसल्यावर पुढे काय होतं, ते कुणी छापत नाही.

आमच्या घरात हा छंद मी आणला. पण त्यातलं ठसे उमटवण्याचं खातं लवकरच सासूबाईंकडे गेलं. आई सरकारी कचेरीत आवक-जावकला होत्या. आयुष्यभर शिक्के मारलेला हात तो! मी श्वास रोखून, देवाचं नाव घेऊन स्टॅम्प दाबायचे आणि बदकाला दोन चोची यायच्या. आई माझ्याशी कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलता बोलता, खाली न बघता शिक्का मारतात आणि बदकाचं पीस न् पीस मोजून घ्यावं. सुरुवातीला प्रत्येक बदकाखाली त्या कोंबडा मारून तारीखही टाकायच्या. ती सवय सुटायला वेळ लागला.

पहिला तंटा शाईवरून झाला. आईंनी कपाटातून कचेरीच्या काळातलं जांभळं पॅड काढलं. त्यावर जलरंगाचा कुंचला फिरला मात्र, बदक तळ्यासकट जांभळं झालं. नियम तसा साधा आहे. रंग ज्या द्रवात कालवलेला असेल, त्या द्रवाला बाह्यरेषेच्या शाईने दाद देता कामा नये. जलरंग भरायचे तर शाई पाण्यात न विरघळणारी हवी, आणि अल्कोहोल मार्कर वापरायचे तर अल्कोहोलमध्ये न विरघळणारी. गंमत अशी, की एकापुढे ताठ उभी राहणारी शाई दुसऱ्यापुढे लोटांगण घालते. काचेवर, प्लास्टिकवर घट्ट बसणारी सॉल्व्हंट शाई पाण्याला भीक घालत नाही; पण तिच्यावरून पिवळा मार्कर फिरवा, चोच काळपट होते आणि मार्करचं टोकही बाटतं. ते टोक बाटणं जास्त महाग पडतं.

कारण हे मार्कर. कॉपिक नावाचे जपानी मार्कर १९८७ साली आले आणि आता त्यांच्या ३५८ छटा मिळतात. एका मार्करच्या पैशात शाळकरी मुलाची आख्खी रंगपेटी येते. प्रत्येकाच्या टोपणावर सांकेतिक क्रमांक असतो. आधीची अक्षरं रंगाचं कूळ सांगतात: ‘बीजी’ म्हणजे निळा-हिरवा, ‘ई’ म्हणजे मातकट तपकिरी. पुढचा पहिला आकडा जितका मोठा तितका रंग करडेपणाकडे झुकलेला, आणि शेवटचा जितका मोठा तितका गडद. हे मला कितीतरी दिवस उमगत नव्हतं. आईंनी एकदा टोपण चष्म्याजवळ धरलं आणि म्हणाल्या, “गट, उपगट, अनुक्रमांक. यात काय कळायचंय? आमच्या फायली याच्यापेक्षा अवघड होत्या.” तेव्हापासून मार्कर क्रमवार लागलेले असतात आणि मला ते मागून घ्यावे लागतात.

मार्कर फिरवायची रीत मात्र मी त्यांना शिकवली. आधी फिका रंग, मग सावलीच्या बाजूला गडद, मग दोघांची शीव पुसायला ओलं असतानाच पुन्हा फिका. खाली गुळगुळीत, जाड कागद हवा. साध्या कागदातून शाई थेट टेबलाच्या आच्छादनापर्यंत जाते. आमच्या आच्छादनावर त्यामुळे आता बदकांची कायमची वस्ती आहे.

हात थरथरणाऱ्यांसाठी मला एम्बॉसिंग सगळ्यात दयाळू वाटतं. हळू वाळणाऱ्या शाईने ठसा उमटवायचा, तो ओला असताना वर बारीक पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनने तापवायचं. पावडर वितळून रेघ फुगते आणि शेताच्या बांधासारखी जलरंगाला आतल्या आत अडवते. हीट गनऐवजी घरातला हेअर ड्रायर चालेल, असं माझ्या नवऱ्याचं मत पडलं. त्याचं मत पडलं की प्रयोग होतोच. हेअर ड्रायरला उष्णता कमी आणि वारा फार. पावडर वितळण्याआधीच उडाली. सोनेरी पावडर टीव्हीवर, पंख्यावर, प्रयोगकर्त्याच्या भुवयांवर, बदक सोडून सर्वत्र बसली.

रंग भरूच नयेत, असं म्हणणारे थोर लोकही होऊन गेले. विद्वान इरॅस्मसने १५२८ मध्ये चित्रकार ड्यूररची वाखाणणी करताना म्हटलं, की हा माणूस नुसत्या काळ्या रेघांत सगळं दाखवतो. वर रंग चढवाल तर चित्राचं नुकसान कराल. हा दाखला मी आईंना ऐकवला तेव्हा बरीच बदकं रंगवायची शिल्लक होती आणि मला झोप येत होती. त्या म्हणाल्या, “त्यांची बदकं ड्यूररने काढलेली होती.” आणि पिवळा मार्कर माझ्या हातात दिला.

जपानी लोकांनी रंग भरायची ही कटकट ठोकळ्यांवरच सोपवली. आधी तिथेही काळे ठसे छापून हाताने रंगवत. १७६५च्या सुमारास चित्रकार सुझुकी हारुनोबूच्या वेळी बहुरंगी छपाई बहरली: प्रत्येक रंगाला वेगळा लाकडी ठोकळा, आणि कागद त्याच जागी बसावा म्हणून ठोकळ्याच्या कोपऱ्यात कोरलेली खूण. आज बाजारात मिळणारे लेअरिंग स्टॅम्प हेच करतात, फक्त कोपऱ्यातली खूण विसरून. त्यामुळे माझ्या गुलाबाच्या पाकळ्या गुलाबाशेजारी उमलतात. आईंच्या जागच्या जागी.

त्यांचा स्वतःचा जीव मात्र टिकल्यांत. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसची चित्रं रंगीतच छापली जात, तरी लोक घरी आणून देवीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या लावत. आईंच्या माहेरी अशी एक लक्ष्मी होती. म्हणून हल्ली आमच्या हत्तीला जुन्या खणाची झूल असते, कापून, चिकटवून, कडेला जर लावून. झूल सुंदर होते यात वाद नाही. पण परवा खालचा हत्ती हिरवा निघाला. का, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, “करडा साठ्यात नव्हता.”

माझी बदकं आता मी त्यांच्याकडे तपासायला ठेवते. काल एक परत आलं. मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरा होता: ‘डावा पाय रंगविलेला नाही. त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे.’ खाली कोंबडा आणि तारीख.