बह्याडपणाची बाजू

"मॅडम, माया पोरीले तेवढं उताऱ्याचं शिकवून द्यान काय? बाकी सारे विषय झाले तिचे. पंधरा दिवसांत होऊन जाते नं?"

फाटकाशी उभं राहूनच त्यांनी विचारलं. मुलगी बारावीची, मोर्शीकडच्या गावची, अमरावतीत गाडगेनगरला खोली करून राहणारी. तिला दिल्लीला जाऊन इतिहास शिकायचा होता आणि त्यासाठी सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यायची होती. भाषेच्या पेपरात उतारे येतात, ते तिला वेळेत होत नव्हते. मी म्हटलं, आधी एक कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचू, उताऱ्याचं नंतर बघू. ते "बरं" म्हणाले. गाडी वळवताना मात्र बायकोला म्हणाले, "बाई बह्याड दिसते." इंजिन सुरू होतं, तरी मला ऐकू आलं.

तो शब्द मी ठेवून घेतला आहे. वऱ्हाडाबाहेर ज्यांचा जन्म गेला त्यांना सांगते, बह्याड म्हणजे नुसता मूर्ख नव्हे. मूर्खाला आपला तोटा कळत नाही. बह्याडाला तो समजावून सांगितला, त्याने मान डोलावली, तरी दुसऱ्या दिवशी तो त्याच वाटेने निघतो. भर पावसात बैल आधी गोठ्यात बांधून मग स्वतः छपराखाली येणारा माणूस आमच्याकडे बह्याडच ठरतो. अशा माणसांच्या बाजूने मला बोलायचं आहे, आणि मी हे पूर्ण गांभीर्याने बोलते आहे.

सीयूईटी २०२२ साली सुरू झाली. भाषेच्या यादीत तेरा भाषा आहेत, त्यांत मराठी आहे. ही गोष्ट आमच्या कितीतरी मुलांना फॉर्म भरून झाल्यावर कळते. दिल्ली विद्यापीठाच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना यादीतली कोणतीही एक भाषा चालते. तरीही मराठी माध्यमातला मुलगा घाबरत घाबरत इंग्रजीवर खूण करून येतो, कारण मित्राने केली. म्हणून माझ्याकडे पहिला धडा प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेचा असतो. कोणता अभ्यासक्रम, कोणता विषय, कोणती भाषा, कोणती अट, हे सगळं मुलांनी मला वाचून दाखवायचं. दोन दिवस त्यातच जातात. दहावीच्या कृतिपत्रिकेत 'अपठित उतारा' असायचा ना, तसाच हा पहिला अपठित उतारा. तो चुकला तर पुढचे सगळे बरोबर येऊनही उपयोग नसतो.

परीक्षेचं गणितही मी त्यांना लपवत नाही. २०२५ पासून एका विषयाचे पन्नास प्रश्न, साठ मिनिटं, सगळे सोडवायचे. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं तर एक वजा. पर्याय चार. डोळे मिटून खूण केली तर सरासरीने चारांतलं एक बरोबर येतं. पाच मिळाले, तीन गेले, दोन उरले. या हिशेबाने एक ओळही न वाचणाऱ्याला अडीचशेपैकी पंचवीसच्या आसपास गुण पडतात. हे मुलांना ठाऊक असणं त्यांच्या हक्काचं आहे, म्हणून सांगते. पण ते पंचवीस गुण वाचनाचे नाहीत, हेही सांगते.

क्लासमध्ये उताऱ्याची जी युक्ती शिकवतात ती तुम्हाला माहीत असेल. उतारा आधी वाचायचाच नाही. प्रश्न बघायचा, त्यातला ठळक शब्द डोक्यात धरायचा, तो उताऱ्यात जिथे सापडेल तिथली एक ओळ मागची, एक ओळ पुढची, झालं. ज्यांच्या हाती आठच दिवस उरलेत त्यांना ही युक्ती नक्की उपयोगी पडते. मी तिला नावं ठेवत नाही. पण माझ्याकडची एक मुलगी आहे, ती उतारा पूर्ण वाचते. दोनदा वाचते. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलतात. सराव परीक्षेत तिचे सुरुवातीला नऊ-नऊ प्रश्न राहून जायचे. मैत्रिणी म्हणायच्या, "काहून करून रायली अशी? प्रश्न पाह्य ना आधी." तिला ते जमतच नाही. कोणीतरी बोलत असताना मधेच त्याचा एक शब्द उचलून पळून जाणं तिला उद्धटपणा वाटतो, असं तिने मला सांगितलं. मला त्या दिवशी तिच्या पाया पडावंसं वाटलं.

अमरावती आणि अकोला या आमच्या दोन शहरांच्या मधे वेगाचा मोठा मान आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते मूर्तिजापूर पट्ट्यात ७५ किलोमीटर एकपदरी डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पुढच्याच महिन्यात पहिली सीयूईटी झाली. त्या रस्त्याने मी बहिणीकडे अकोल्याला जाते, रस्ता खरंच छान आहे, ज्या मजुरांनी भर उन्हात तो केला त्यांना माझा नमस्कार. पण त्याच मूर्तिजापूरहून अचलपूरला शकुंतला ही आगगाडी जायची, अरुंद रुळांवरून, ७६ किलोमीटर, रमतगमत. तिच्यात बसलं की कोणत्या शेतात पऱ्हाटी आहे, कोणत्या शेतात तूर, कोणाच्या बांधावरचं बाभळीचं झाड तोडलं, सगळं दिसायचं. डब्यातली म्हातारी माणसं प्रत्येक वावराच्या मालकाचं नाव सांगायची. मुलांना मी म्हणते, पहिला महिना आपण शकुंतलेने जायचं. वेळ लावून सराव करायचा तो नंतर, रस्ता ओळखीचा झाल्यावर. आणि तसा होतोही. नऊ प्रश्न राहून जाणाऱ्या त्या मुलीचे तीन महिन्यांनी दोन राहायला लागले. तिने वेग वाढवला नव्हता. मागे वळून पुन्हा पुन्हा तीच ओळ शोधायची वेळ तिच्यावर येईनाशी झाली होती.

कादंबरी आम्ही घेतली ती उद्धव शेळके यांची 'धग'. १९६० साली आलेली, वऱ्हाडातली, वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसांची. पहिल्या दिवशी मुलं हसत होती. आजी जशी घरात बोलते तसं पुस्तकात छापलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. दर्यापूरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे असं लिहिलेलं चालते?" चौथ्या दिवशी हसणं थांबलं. कादंबरीतली कौतिक संसार ओढत होती, तिच्या नवऱ्याच्या, महादेवाच्या, हातून काही धड होत नव्हतं, आणि ओसरीवर चार पोट्टे गप्प बसून ऐकत होते.

अर्धं पुस्तक झाल्यावर मी परीक्षेच्या धर्तीवर एक प्रश्न काढला. कौतिकच्या स्वभावाचं योग्य वर्णन कोणतं? सोशिक, हट्टी, स्वाभिमानी, व्यवहारी. एकच पर्याय निवडा.

दोन तास भांडण झालं. मोर्शीची मुलगी म्हणाली, स्वाभिमानी. दर्यापूरचा म्हणाला, एवढं सोसते म्हणजे सोशिक. मी म्हटलं, पुस्तकातलं वाक्य दाखवा. ते पानं उलटायला लागले. एक वाक्य सापडलं की दुसरा त्याच्या उलट वाक्य काढायचा. बडनेऱ्याची एक मुलगी बराच वेळ बोलली नव्हती. ती म्हणाली, "मायी माय अशीच आहे, म्हणून मले हट्टी वाटते." तिथे मी थांबवलं. ती जे बोलली ते खरं होतं, पण ते पुस्तकातलं नव्हतं, तिच्या घरातलं होतं. उताऱ्यात काय लिहिलं आहे आणि त्यात आपण आपल्या पदरचं काय घातलं, हे वेगळं ठेवता येणं हीच या परीक्षेतली खरी अवघड गोष्ट आहे. मुलांचे बहुतेक गुण इथेच जातात. पर्याय जगात खरा असतो, शहाणपणाचाही असतो, फक्त उताऱ्यात नसतो. दुसरी चूक म्हणजे 'नेहमी', 'कधीच', 'फक्त', 'सर्वच' असे शब्द ज्या पर्यायात आहेत तो ठाम वाटतो म्हणून निवडायचा. लेखक 'बहुधा' म्हणाला होता हे कोणाच्या लक्षात राहत नाही. मी मुलांना 'बहुधा'खाली पेन्सिलीने रेघ मारायला लावते. परीक्षेत पडद्यावर रेघ मारता येत नाही, पण तोवर डोळ्याला सवय झालेली असते.

त्या दिवशी आमचा एकच प्रश्न झाला. पन्नास प्रश्न साठ मिनिटांत सोडवायचे आणि आम्ही एका प्रश्नाला दोन तास दिले, तेही उत्तर न ठरता. बाहेरून पाहणाऱ्याला याहून मोठा बह्याडपणा दिसणार नाही. चुकलेल्या उत्तरापाशी असं ठाण मांडून बसायची ज्याची तयारी नसेल त्याने वाचनाची शिकवणी घेऊ नये, असं माझं मत आहे. बरोबर उत्तर उत्तरतालिकेत असतं. आपण चुकलो का, ते सांगायला शेजारी माणूस लागतो.

या बाबतीत माझे वडीलधारे याच मातीत होऊन गेले. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडून गोळा करायच्या, प्रसंग ज्याच्यासमोर घडला त्याला गाठायचं, विचारायचं, एकाची आठवण दुसऱ्याशी ताडून पाहायची, फरक पडला तर तोही टिपून ठेवायचा. एका लीळेसाठी किती पायपीट झाली असेल. कोणी त्यांनाही म्हटलं असेलच, की अंदाजाने लिहून टाका. पुढे महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत गेले आणि पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतलं हे जुनं गद्य शतकानुशतकं वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी ती कोडी उलगडली. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू आहे. माझ्या विद्यार्थिनीचं गाव तिथून फार लांब नाही. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्याच बाजूले एवढा मोठा अपठित उतारा होता?"

आणि गाडगेबाबा. शेंडगावात १८७६ साली जन्मले, शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि कीर्तनात उभे राहिले की प्रश्न विचारायचे. एक प्रश्न, मग लोकांचं उत्तर, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. समोरच्याने स्वतःच्या तोंडाने उत्तर देईपर्यंत ते सोडत नसत. पर्याय देत नसत. आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. वाचन कसं शिकवावं हे मी बी. एड.मध्ये जेवढं शिकले त्याहून अधिक त्यांच्या कीर्तनांविषयी वडिलांकडून ऐकून शिकले.

अकोल्याची गोष्ट राहिली. अकोल्यात नीटच्या क्लासेससाठी बुलढाणा, वाशीम, यवतमाळहून मुलं येतात. सकाळी सहाला सायकली निघतात. माझ्या बहिणीची नात जठारपेठेत राहून नीटच्या तयारीत आहे. तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, एकशे ऐंशी मिनिटांत एकशे ऐंशी प्रश्न. भाषेचा एकही नाही. तरी ती रोज रात्री साडेनऊला फोन लावते आणि अर्धा तास आमच्याबरोबर 'धग' वाचते. आई तिच्यावर चिडते. "परीक्षेत नाही ते कायले वाचतं?" या प्रश्नाला पोरीकडे उत्तर नाही. ती फोन घेऊन गच्चीवर जाते. सगळ्यांमध्ये पहिला मान मी तिला देते. बाकीच्यांना निदान पाच-पाच गुणांचा आधार आहे, तिला काहीच मिळायचं नाही आणि तिचा एक दिवसही चुकलेला नाही.

मोर्शीची मुलगी मे महिन्यात परीक्षा देऊन आली. तिचे वडील पुन्हा फाटकाशी उभे होते, पण या वेळी तिने त्यांना आत आणलं. मी विचारलं, कसा गेला? किती सुटले, किती राहिले हे ती सांगेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, एक उतारा मधातच संपला. एक म्हातारी होती, नातवाले घेऊन बसस्टँडवर बसलेली. गाडी येते अन् ती उठतच नाही. तिथंच संपला. पुढं काय झालं असन?" लेखकाचं नाव खाली नव्हतं. तिने खुणेसाठी तीन-चार शब्द पाठ करून आणले होते.

तेव्हापासून आम्ही ते पुस्तक शोधतो आहोत. अमरावतीत दोन ग्रंथालयं झाली, कथासंग्रहांची तीन कपाटं पाहून झाली. येत्या शनिवारी अकोल्याला बाबूजी देशमुख वाचनालयात जायचं ठरलं आहे. तिच्या वडिलांनी गाडी काढतो म्हटलं आहे, त्या दिवशी त्यांची बाजाराची पाळी असूनही.