आठ नंबरची लाल टर्बो

अहो, ऐकलंत का? आठ नंबरवाल्यांची लाल गाडी आज परत रिकव्हरी ट्रकवर चढून गेली! तीही बरोब्बर शाळा सुटायच्या वेळेला, म्हणजे अख्ख्या गल्लीने पाहिली. या, अशा जरा कुंपणाजवळ या. मोठ्याने नको बोलायला, वहिनींची किचनची खिडकी उघडी असते.

तशी ती गाडी काय तुम्हाला नवी नाही. पॉर्श ९४४ टर्बो, १९८९ची. भाऊजी पुण्यात इंजिनिअरिंगला होते तेव्हा हॉस्टेलच्या भिंतीवर हिचं पोस्टर होतं म्हणे. मुलं युनिव्हर्सिटीला गेली, मॉर्गेज संपत आलं, आणि भिंतीवरची बया उतरली ती थेट ड्राइव्हवेवर. पेढे वाटले होते की, तुमच्याकडेही आले असतील. "अडीचशे हॉर्सपॉवर आहे, वहिनी!" मला म्हणाले. मी म्हटलं, "भाऊजी, आपल्या स्लाऊत बाथ रोडच्या सिग्नलला त्यातले किती लागतात हो?" हसले. तेव्हा हसायचे बिचारे.

तर काय सांगत होते… हां, ट्रक. या खेपेला क्लच गेलाय. आणि या गाडीचा क्लच म्हणजे… अहो, इंजिन पुढे, गीअरबॉक्स पार मागच्या चाकांपाशी, आणि दोघांच्या मध्ये ही एवढी लांब नळी. क्लच बसलाय पुढे, इंजिनाला चिकटून. त्याला हात लावायचा तर एक्झॉस्ट उतरवा, गीअरबॉक्स सोडवा, ती नळी मागे ओढा, तेव्हा कुठे त्याचं दर्शन. आणि मजुरी तासावर! भाऊजी वहिनींना म्हणाले, "पार्ट काही फार महाग नाही गं." वहिनी म्हणाल्या, "आणि मजुरी?" तर भाऊजी म्हणतात, "चहा टाकतेस का जरा?" आता यावरून काय ते समजा. आकडा चार अंकी आहे, एवढं मी छातीठोक सांगते.

बरं, गेला कशाने? त्या जुन्या क्लचच्या मधोमध रबर असतं, धक्के सोसायला. त्याचा वयाने भुगा झाला. गल्लीत जो तो टर्बोला नावं ठेवतो. "टर्बो आहे ना, खर्च येणारच," असं सहा नंबरचे काकासुद्धा म्हणतात. मला नाही पटत. टर्बो बिचारा अजून शाबूत आहे. पैसा खातंय ते रबर!

टर्बोची तर भाऊजी इतकी बडदास्त ठेवतात की काय सांगू. घरी आले की गाडी लगेच बंद नाही करायची, मिनिटभर तशीच धडधडू द्यायची. धुराच्या जोरावर टर्बोतली चक्री मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते ना, आणि तिला आधार कसला, तर नुसत्या तेलाचा. तापलेली असताना चटकन बंद केली की आतलं तेल करपतं. म्हणून महागातलं ऑइल, तेही वेळेच्या आधीच बदलायचं. आणि गंमत म्हणजे चावी काढली, दार लावलं, तरी आतून घूंऽऽ असा आवाज चालूच! पहिल्या रात्री आमचे हे टॉर्च घेऊन बाहेर गेले होते, चोर आला समजून. तर तो म्हणे विजेवरचा छोटा पंप, गाडी बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी खेळवत राहतो. जर्मन लोकांनी एवढा विचार केला होता. रबराचा करायचा राहिला.

कारण ऐका ना. इंजिनात रबराचेच पट्टे आहेत दोन, एक टायमिंगचा आणि एक बॅलन्स शाफ्टचा. टायमिंगचा तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात, मग इंजिनच उघडायचं. म्हणून दर चार-पाच वर्षांनी पट्टे बदला, गाडी हलो न हलो. आणि एवढं उघडलंच आहे तर वॉटर पंपही बदलून टाका, असं मेकॅनिक म्हणतो. 'एवढं उघडलंच आहे तर' हे शब्द ऐकले की वहिनींच्या पोटात गोळा येतो! गेल्या हिवाळ्यात गाडीला बूस्टच येईना. भाऊजींचा चेहरा असा, जणू घरात कुणी आजारी आहे. टर्बो गेला, टर्बो गेला म्हणून सगळीकडे बोभाटा. निघालं काय? एक करंगळीएवढी रबरी नळी, उष्णतेने तडकलेली. नळीला चिल्लर पैसे, ती शोधायला नोटा.

आणि पेट्रोल! साधं पेट्रोल २०२१च्या सप्टेंबरपासून ई-टेन झालं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. म्हणजे सुपर अनलेडेडच हवं. तिकडे पुण्यात माझा भाऊ ई-ट्वेंटीच्या नावाने बोटं मोडतो, इकडे हे. पंपावर सगळ्यांची सारखीच रड.

पण खरी बातमी ही नाहीच. तुम्हाला कोणी सांगू नका हं… मी त्या गाडीच्या एमओटीचा, म्हणजे वर्षाच्या तपासणीचा, इतिहास बघितला. चोरून कसला? सरकारी साइट आहे, नंबर प्लेट टाका, २००५पासूनचं सगळं जन्मकुंडलीसारखं समोर. कोणत्या साली नापास, कुठे गंज, कुठून तेल गळतंय. भाऊजी सगळ्यांना सांगत होते, "वयाच्या मानाने फारच कमी चालली आहे." आणि बघते तर काय, मधली कितीतरी वर्षं मैलांचा आकडा तोच! एका मैलाचाही फरक नाही! या गाड्यांच्या मीटरमधलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक वयाने तुटतं, काटा वेग दाखवत राहतो आणि मैल मात्र गोठतात. मी आपलं वहिनींना सहज म्हटलं, "मीटर दुरुस्त केलंत का हो कधी?" वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी शंकरपाळ्यांच्या डब्याकडे पाहिलं.

फराळाचाच दिवस होता तो. आणि त्यात सहा नंबरच्या काकांनी तोंड उघडलं. आयुष्य पिंपरीच्या कारखान्यात गेलेलं, त्यांना राहवतं थोडंच! "इंजिन म्हणजे पॉर्शच्याच ९२८च्या व्ही-एटचं अर्धं, आणि गाडी बांधली ती नेकार्सुल्मला, आउडीच्या कारखान्यात," म्हणाले. खोटं काही नाही त्यात. पण सगळ्यांसमोर? भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. बशीतला चिवडा तसाच राहिला.

मग मात्र भाऊजी बोलले, आणि बोलले ते बरोबर बोलले. म्हणाले, "काका, तुमची इलेक्ट्रिक गाडी तीन वर्षांपूर्वी केवढ्याला घेतलीत आणि आज विकायला काढलीत तर किती येतील?" काका गप्प! काकूंनी लाडू पुढे केला. लाल गाडी जेवढ्याला घेतली होती तेवढ्याला आजही जाईल, थोडी वरच. आणि इन्शुरन्स? मला वाटलं होतं कंबरडं मोडेल. तर क्लासिक गाडीची पॉलिसी, ठरवलेली किंमत, वर्षाचे मैल मोजके, रात्री गॅरेजमध्ये ठेवायची. त्यांच्या धाकट्याच्या छोट्याशा गाडीचा हप्ता बापाच्या पॉर्शच्या कितीतरी पट! वहिनींनीच सांगितलं, अगदी कपाळाला हात लावून.

मार बसतो तो युलेझचा, लंडनच्या त्या प्रदूषण-शुल्काचा. गाडी २००६च्या आधीची, म्हणजे लंडनच्या हद्दीत शिरली की दिवसाला साडेबारा पौंड. आपलं स्लाऊ बाहेर आहे म्हणून निभावतंय, पण हीथ्रो आत! भाऊजींच्या आई पुण्याहून आल्या तेव्हा यांनी सरळ टॅक्सी पाठवली. साडेबारा वाचवायला टॅक्सी, हिशोब तुम्हीच करा. शिवाय मागची सीट ही एवढीशी, तिथे म्हातारं माणूस बसवणार कसं? दारात उतरल्या, लाल गाडी पाहिली आणि म्हणाल्या, "एवढी गाडी दारात, आणि मला भाड्याच्या गाडीतून आणलंस?" आता त्यांना युलेझ कोण समजावणार! चार आण्याच्या कोंबडीची म्हण त्यांनी दुसऱ्याच दिवशी ऐकवली. तशी ती गल्लीत सगळ्यांची म्हणून झालीच होती.

आणि गणपतीला? डॉलिस हिलला मंडळात दर्शनाला गेले, हौसेने, लाल गाडीतून. पैसे भरायला तीन दिवस असतात. भाऊजी विसरले. एकशे ऐंशी पौंडांचं पत्र! चौदा दिवसांत भरलं म्हणून निम्म्यावर सुटले. बाप्पा नव्वद पौंडांना पावला.

पण माणूस खचलाय म्हणाल, तर अजिबात नाही. फ्रिजवर कागद लावलाय. रोड टॅक्स वर्षाला साडेतीनशेच्या वर, एमओटी ५४ पौंड ८५ पेन्स, युलेझ वेगळा… आणि खाली लाल पेनाने 'एप्रिल २०३०'. गाडीला चाळीस पुरी झाली की पुढच्या वर्षीच्या एप्रिलपासून टॅक्स माफ, युलेझ माफ, एमओटी तर त्याआधीच माफ! मी म्हटलं, "अहो वहिनी, चांगलंच आहे की, दिवस पालटतील." वहिनी म्हणाल्या, "सरकार माफ करेल हो. ते रबर माफ करणार आहे का?" बघा, माझंच मत!

तर काय सांगत होते, सगळ्यात मोठं राहिलंच. दुपारी ट्रकवाला गाडी चढवत होता, तेव्हा मी कचऱ्याचे डबे आत घेत होते. भाऊजी फोनवर होते. डर्बीच्या बाजूला कुणाकडे दुसरी ९४४ आहे, बंद पडलेली, इंजिनशिवाय. तीही घ्यायची म्हणे! चालवायला नाही, सुटे भाग काढायला. काचा, मीटर, दारं, दिवे… "एकदाच खर्च," म्हणत होते. ठेवणार कुठे? तर वहिनींच्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यावर!

वहिनींना अजून माहीत नाही. निदान मी तरी सांगितलेलं नाही. मघाशी त्याच वाफ्यात खुरपं घेऊन बसल्या होत्या, "या वर्षी मिरच्याही लावते," म्हणाल्या. मी म्हटलं, लावा की. काय बोलणार? थांबा हं, दार वाजलं त्यांचं. भाऊजी हातात मोजायची टेप घेऊन बाहेर आलेत… सरका, सरका, इथून नीट दिसतंय.