कंबरसर

हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं आहे. पोरं मात्र त्यांना कंबरसरच म्हणतात. "हातानं मारायचं ते क्रिकेट, कमरेनं मारायचं ते बेसबॉल!" या वाक्यानं त्यांचा तास सुरू होतो आणि संपतोही.

कडेगावात बेसबॉल आला तो दहावीच्या क्रीडागुणांचं बोट धरून. पोरांना गुण हवेत, पालकांना सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण दिसतंय. कंबर हवी आहे ती एकट्या सरांना. साडेसाठ फुटांवरून सुटलेला चेंडू पापणी लवायच्या आत येतो. तेवढ्यात जोर मागच्या पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि सर्वांत शेवटी हातात यायला हवा. १९४१ साली अमेरिकेच्या टेड विल्यम्सनं .४०६ ची सरासरी गाठली ती अशीच, हे सर अशा थाटात सांगतात की विल्यम्स शेजारच्या वांगी गावचा वाटावा.

पण जिल्हा पडला क्रिकेटवीर विजय हजारेंचा! पोरं पीव्हीसी पाइपवर ठेवलेल्या चेंडूलाही सरळ बॅटीनं अडवतात. प्लेटवरून जाणारा चेंडू गावसकरांच्या ऐटीत सोडतात आणि पंचानं स्ट्राइक दिला की त्याच्याकडेच रागानं बघतात. चुकून फटका बसलाच, तर बॅट घेऊन पळतात, पहिल्या बेसवर ती टेकवतात आणि दुसरी धाव काढायला उलटे फिरतात.

"आधी पाया, मग वरचं!" सर ओरडतात.

"सर, आपल्या ताबुताला आधी कळस, मग पाया असतोय की." मोहरमचे गगनचुंबी ताबूत बघत वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार?

"ताबूत बॅटिंग करत न्हाई, लेका!"

हा ध्यास मैदानापुरता राहिला असता तर बरं. उसाच्या फडाशी सर गाडी थांबवतात आणि तोडणीवाल्या बाईकडे बोट दाखवतात, "बघा, कोयता मागनं, कंबर आधी!" ती घाम पुसत म्हणते, "कंबर राहिलीय कुठं, गुरुजी?"

तालुक्याच्या सामन्यात एका पोरानं निव्वळ हातानं चेंडू शाळेच्या कंपाउंडापलीकडे टोलावला. गाव नाचलं; सरांनी कपाळाला हात लावला. पुढचा गडी तीनदा हवेत बॅट फिरवून बाद झाला. त्याची पाठ मात्र सरांनी भरल्या डोळ्यांनी थोपटली. संघ हरला, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी निकाल विचारला.

"हरलो, सर. पण शेवटच्या डावात त्या पोराची कंबर बघायला पायजे होती तुम्ही!" आणि ते नको म्हणायच्या आत कंबरसर टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन, पाय फाकवून उभे राहिले.